पूर आला की वायरलेस गप्प: कारण शोधणं, दुरुस्ती आणि निधीचा प्रस्ताव

तक्रार नदीकाठच्या जवळपास प्रत्येक गावात सारखीच असते. मे महिन्यातल्या रंगीत तालमीत सगळे वायरलेस संच व्यवस्थित बोलतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांची इशारा पातळी ओलांडते, ४५ च्या धोका पातळीकडे चालू लागते, महावितरणला सुरक्षेसाठी काठावरची रोहित्रं बंद करावी लागतात, काही तासांनी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपतात. आणि ज्या रात्रीसाठी ही बिनतारी यंत्रणा उभी केली, त्याच रात्री डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे संचांचं बोलणं ऐकून ते पुन्हा लांबवर पाठवणारं यंत्र, बंद पडतो. पाणी ओसरतं, वीज येते, रिपीटर आपोआप सुरू होतो, तक्रार विसरली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: यंत्रणा जुनी झाली, नवे संच घ्या. आमचं म्हणणं याच्या उलट आहे. संचाचं वय हे कारण क्वचितच असतं. पंधरा वर्षं जुना ॲनालॉग रिपीटर नीट वीज आणि कोरडी केबल मिळाली तर आजही चालतो. आणि त्याच दमलेल्या बॅटरीवर, त्याच पाणी मुरलेल्या केबलवर बसवलेला कोरा रिपीटर पहिल्याच पुरात बंद पडतो. म्हणून आधी मोजमाप, मग खर्च. हीच मोजमापं पुढे निधीच्या प्रस्तावाला जोडायची असतात, त्यामुळे आकडे वहीत तारखेसह लिहा.

मोजायला काय लागतं: मल्टिमीटर, हायड्रोमीटर, वॉटमीटर, ५० ओहमचा निदान ५० वॅट सोसणारा डमी लोड (ॲन्टेनाऐवजी शक्ती झेलणारा भार), नॅनोव्हीएनए (केबल आणि ॲन्टेना तपासणारं छोटं यंत्र) आणि अर्थ टेस्टर. अर्थ टेस्टर विकत घ्यायची गरज नाही, विद्युत ठेकेदाराकडे असतोच. बाकीचं तालुक्याला एक पुरतं.

लक्षणावरून सुरुवात

रिपीटर वीज गेल्यावर दहा-बारा तासांनी पूर्ण बंद पडत असेल, किंवा बटण दाबलं की क्षणभर चालू होऊन टक-टक करत पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर बॅटरी किंवा तिची वायर बघा. पाऊस लागला की रेंज कमी होत असेल आणि उघडीप पडली की सुधारत असेल, तर केबल आणि कनेक्टर. रिपीटरचा आवाज सगळीकडे खणखणीत, पण लांबच्या गावांचं त्याला ऐकूच जात नसेल, तर तो बहिरा झालाय. डुप्लेक्सर (रिपीटरचं बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा भाग) किंवा ॲन्टेना. एखाद-दुसऱ्या संचाचंच बोलणं पोचत नसेल तर बहुधा दुरुस्तीनंतर त्यात टोन, म्हणजे रिपीटरला संच ओळखायला लागणारा सूर, भरायचा राहिलाय. वळवाच्या पावसानंतर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, संच कायमचाच मेला असेल तर अर्थिंग.

बॅटरी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मे महिन्यात पास होणारी बॅटरी ऑगस्टमध्ये का नापास होते, हे हिशेबानं कळतं. २५ वॅटचा रिपीटर नुसता ऐकत असताना साधारण ०.८ अँपिअर घेतो आणि प्रक्षेपण करताना साधारण ७ अँपिअर. एरवी दिवसभरात तो जेमतेम ५ टक्के वेळ बोलतो. ऐकण्याचे १८ आणि बोलण्याचे ८, मिळून दिवसाला २६-२७ अँपिअर-तास. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ६० टक्केच वापरायचे धरले तरी ९० मिळतात, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. तालीम तासाभराची, तिला काय होणार.

पुरात हाच रिपीटर अर्धा वेळ बोलत असतो. नियंत्रण कक्ष, तहसील, बोटी, निवारा केंद्रं, सगळे एकाच चॅनेलवर. मग हिशेब होतो ऐकण्याचे १० आणि बोलण्याचे ८४, एकूण सुमारे ९४ अँपिअर-तास. म्हणजे नव्या कोऱ्या बॅटरीवर एक दिवससुद्धा निघत नाही. तीन-चार पावसाळे काढलेल्या, क्षमता निम्म्यावर आलेल्या बॅटरीवर बारा तास नाहीत. संध्याकाळी सहाला वीज गेली की पहाटे रिपीटर बंद.

आधी बॅटरी तपासा. चार्जर काढा, रिपीटरच्या ॲन्टेनाच्या जागी डमी लोड लावा आणि पंख्याचा वारा देत मधेमधे थांबून एकूण तासभर प्रक्षेपण करा. चांगल्या १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीचा व्होल्टेज भार चालू असतानाही १२.२ च्या वर राहतो. ११.८ च्या खाली गेला तर ती बदलायची. हायड्रोमीटरनं सहाही घरं बघा: पूर्ण चार्जला आतल्या द्रावणाची घनता साधारण १.२४० दिसली पाहिजे, घराघरांत ०.०३० पेक्षा जास्त फरक असेल तर कमी दाखवणारं घर गेलं आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली. चार्जरचा फ्लोट व्होल्टेज (भरलेल्या बॅटरीला कायम दिला जाणारा) १३.५ ते १३.८ मध्ये आहे का हेही बघाच. १४.४ वर कायम अडकलेला चार्जर बॅटरीतलं पाणी उडवतो, आणि डोंगरावर महिनोन् महिने कोणी फिरकत नाही, त्यामुळे प्लेटा उघड्या पडतात.

मग वायर. ७ अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरची १० मीटर वायर जाऊन-येऊन एक व्होल्ट खाते. बॅटरी ११.८ वर असताना संचापर्यंत १०.८ पोचतात आणि तो बंद-चालू होत राहतो. बॅटरी बिचारी ठीकच असते. बॅटरी रिपीटरपासून ३ मीटरच्या आत ठेवा, वायर १० चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागून बसवा आणि टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावा.

आता बिनपैशाचा उपाय, जो सगळ्यांत आधी करावा. रिपीटरची पॉवर २५ वॅटवरून १० वर आणा. सिग्नल फक्त ४ डेसिबल कमी होतो; उंचावरच्या रिपीटरला ऐकणाऱ्या गावात तो फरक बहुतेक जाणवतही नाही. तशीही अडचण रिपीटरच्या आवाजाची कधी नसते, ५ वॅटच्या हातसंचाचं त्याच्यापर्यंत पोचण्याची असते. करंट मात्र ७ वरून साडेतीन-चारवर येतो. प्रत्येक बोलण्यानंतर रिपीटर जी शेपटी सोडतो, म्हणजे बोलणं संपल्यावरही जेवढा वेळ प्रक्षेपण चालू ठेवतो, ती पाच सेकंदांची असेल तर एक सेकंदावर आणा. आता पुरातला खर्च दिवसाला ५८ अँपिअर-तासांच्या आसपास येतो; १५० च्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की तीन दिवस निघतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या, प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज द्या, आणि भाराची एक वायर पहिलीच्या धनाला तर दुसरी वायर दुसरीच्या ऋणाला लावा, म्हणजे दोघी सारख्या खर्च होतात. जुनी आणि नवी एकत्र जोडू नका. जुनी नवीला ओढून खाली आणते.

सोलर पॅनेल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १०० वॅटचं पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला २५ हून जास्त अँपिअर-तास देतं. झड लागलेल्या दिवशी सहा ते नऊ. पुरात ते फक्त हातभार लावतं. त्यापेक्षा एक केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आणि ३० अँपिअरचा चार्जर जूनच्या पहिल्या आठवड्याआधी वर नेऊन ठेवा. दिवसाला अडीच तास चालवला की त्या दिवसाची भरपाई होते, २० लिटर पेट्रोल आठवडाभर सहज पुरतं. पेट्रोल बॅटरीच्या खोलीत मात्र ठेवायचं नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

केबल

इथे एक फसवणूक आहे आणि भले भले तिला बळी पडतात. एसडब्ल्यूआर म्हणजे वर पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही. पाणी मुरलेल्या केबलचा तो खालून मोजला तर उत्तम दिसतो. वर गेलेली शक्ती केबलच खाते, परत यायला काही उरतच नाही, मीटर १.२ दाखवतो आणि वहीत “ॲन्टेना ठीक” असा शेरा पडतो.

खरी तपासणी अशी: वर ॲन्टेनापासून केबल सोडवा, टोक उघडं ठेवा आणि खालून नॅनोव्हीएनएनं मोजा. प्रक्षेपक वापरू नका, तो जळेल. उघड्या टोकाला सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणजे एसडब्ल्यूआर वाईटच दिसला पाहिजे. ३० मीटर आरजी-२१३ चांगली असेल तर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास तो साडेतीनच्या जवळ येतो. दीड आला तर केबल गेली. टेप गुंडाळून ती परत येत नाही. बाहेरची जाळी काळी पडलेली असते. पूर्ण बदला.

कोणती घ्यायची? ३० मीटरसाठी, २५ वॅट सोडले तर पातळ आरजी-५८ मधून वर सहा-साडेसहा पोचतात, आरजी-२१३ मधून साधारण १४, अर्धा इंची फोम केबलमधून २० च्या वर. दहा वॅटवर रिपीटर चालवायचा तर अर्धा इंची केबलच घ्या. पॉवर कमी केलेली तिथे काही अंशी भरून निघते, आणि ऐकण्याच्या बाजूनं तोच फायदा फुकटात मिळतो. कनेक्टर एन प्रकारचे. जुने पीएल-२५९ पाणी अडवत नाहीत.

जोड बंद करताना आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, लांबी दीडपट होईल एवढी ताणून, खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलांसारखा बसतो. त्यावर चांगल्या पीव्हीसी टेपचे दोन थर. नुसती इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे ओघळ तिथंच गळून जातो. ते केलं नाही तर पाणी केबलवरून थेट डुप्लेक्सरवर येतं.

बहिरा रिपीटर

रिपीटर एकाच ॲन्टेनावर एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. स्वतःच्या आवाजानं त्याचे कान बंद होऊ नयेत म्हणून डुप्लेक्सर असतो. तो ओलसर झाला, वाहतुकीत हलला, किंवा कोणी त्याचे स्क्रू “थोडे फिरवून बघितले”, की कान जातात.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाला हातसंच घेऊन एवढ्या लांब पाठवा की रिपीटरला जेमतेम ऐकू येईल. रिपीटरचं प्रक्षेपण बंद करून त्याच्याच स्पीकरवर ऐका. मग प्रक्षेपण सुरू करा. आवाज खरखरीत बुडाला, तर दोष आहे. आता डुप्लेक्सरच्या ॲन्टेना टोकाला टी-जोड आणि डमी लोडची जुळणी करून तेच पुन्हा करा, म्हणजे शक्ती डमी लोडमध्ये जाते आणि सिग्नल तेवढा आत येतो. खरखर गेली तर दोष वर: केबल, ॲन्टेना, किंवा मास्टचे (ॲन्टेनाच्या खांबाचे) गंजलेले नटबोल्ट आणि ताणाच्या तारा. खरखर राहिली तर डुप्लेक्सर किंवा त्याच्या छोट्या जोडकेबली. डुप्लेक्सर जागेवर ट्यून करायला जाऊ नका. तो ज्याच्याकडे योग्य उपकरण आहे त्याच्याकडेच न्यायचा.

नियंत्रण कक्षात खरखर असेल तर आधी आजूबाजूला बघा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, सोलरचा चार्ज कंट्रोलर एकेक करून बंद करा. बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो.

अर्थिंग

आपल्याकडच्या डोंगरांवर हात-दोन हात मुरूम, खाली काळा पाषाण. तीन मीटरचा रॉड आत जात नाही, ठेकेदार कापून एक मीटर गाडतो आणि बिल पूर्ण रॉडचं लावतो. रॉडचा हट्ट सोडा. मास्टच्या पायापासून तीन-चार दिशांना १० ते १५ मीटर लांबीची २५ × ३ मिलिमीटरची जीआय पट्टी, अर्धा मीटर चरात, बेंटोनाइटमध्ये घाला. मीठ-कोळसा दोन पावसाळ्यांत धुऊन जातो. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या खाली यायला हवं, आणि मोजायचं ते मे महिन्यात. पावसाळ्यात सगळ्यांचंच चांगलं येतं.

मास्टची, विजेची आणि केबलवरच्या गॅस ट्यूब अरेस्टरची (विजेचा झटका जमिनीत वळवणाऱ्या भागाची) अर्थ वेगवेगळी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो संचातूनच वाट काढतो. तिन्ही एकमेकांना जोडा.

हातसंच, ऊस आणि होडी

सपाट रानात हातात धरलेले दोन संच कागदावर दहा किलोमीटर बोलतात. ऑगस्टमध्ये भिलवडी, अंकलखोप, दुधगावच्या बाजूला ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, आणि नावेतला माणूस काठाच्याही खाली असतो. प्रत्यक्षात दोन-चार किलोमीटर धरा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर १२ मीटरवर साधा ॲन्टेना आणि २५ वॅटचा संच ठेवला तर गावातल्या हातसंचाशी १५-१९ किलोमीटरचा पल्ला मिळू शकतो. निवारा केंद्राला हातसंच देऊन भागवू नका, हा संच द्या. तो तळमजल्यावर नको, पहिल्या मजल्यावर. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, संचाची जागा त्या खुणेवरून ठरवा.

मैदानापेक्षा अडीचशे मीटर उंच डोंगरावरून रिपीटर ७० किलोमीटरपर्यंत बघतो, म्हणून मिरज-तासगावच्या पट्ट्याला एक पुरतो. शिराळ्याचा पश्चिम भाग आणि साताऱ्यातलं कोयनेचं खोरं वेगळं. तिथे डोंगराआड डोंगर आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या त्या पाटण तालुक्यात एक उंच रिपीटर दरीतल्या वाड्यांना दिसतच नाही. तिथे खोऱ्यागणिक छोटा रिपीटर आणि त्यांना जोडणारी लिंक असा आराखडा लागतो. त्याचं अंदाजपत्रक सांगलीच्या नमुन्यावर करू नका.

हातसंचांच्या लिथियम बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवल्या की लवकर मरतात. निम्म्या भरून ठेवा, महिन्यातून एकदा बाहेर काढा.

डिजिटल घ्यायचं का

हळूहळू, हो. डिजिटलमध्ये एका चॅनेलवर दोन बोलणी चालतात, आणि पुरात चॅनेलची गर्दी हीच मोठी अडचण असते. पण डिजिटलला सिग्नल हळूहळू खरखरत जात नाही. एका मर्यादेनंतर एकदम काहीच ऐकू येत नाही. ॲनालॉगमध्ये खरखरीतून निदान “पाणी”, “होडी पाठवा” एवढं तरी समजतं. जुने ॲनालॉग संच डिजिटल बोलणं समजू शकत नाहीत, म्हणून अर्धे बदलून पुरात उतरणं सर्वांत धोक्याचं. दोन्ही प्रकार चालणारा रिपीटर आधी घ्या, तो ॲनालॉगवर चालवा, सगळ्या गावांचे संच बदलून झाल्यावर एका दिवशी, तोही डिसेंबर-जानेवारीत, डिजिटलवर जा.

पैसे

यंत्रणा पुन्हा पुन्हा बंद पडण्याचं मूळ इथे आहे. एकदा भांडवली निधी मिळतो, संच येतात, फोटो निघतात. चार वर्षांनी बॅटरी बदलायला कुठल्याच लेखाशीर्षात पैसे नसतात. बॅटऱ्यांच्या जोडीसाठी अडलेली यंत्रणा मग “कालबाह्य” ठरते आणि लाखोंचा नवा प्रस्ताव निघतो.

म्हणून देखभाल खरेदीतच घाला. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) निविदा काढतानाच पाच वर्षांची सर्वसमावेशक देखभाल किमतीत धरा आणि अटीत स्पष्ट लिहा: दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये डोंगरावर जाऊन तपासणी, वर सांगितलेल्या मोजमापांचा सही केलेला तक्ता, चौथ्या वर्षी दोन्ही बॅटऱ्या नव्या, बिघाड झाल्यास ४८ तासांत पर्यायी रिपीटर. आमचा सल्ला, भांडवली खर्चाच्या साधारण १० टक्के दरवर्षी यासाठी धरा.

निधीचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत. रिपीटर, मास्ट, नियंत्रण कक्षासाठी जिल्हा नियोजन समिती. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतले १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी वेगळे ठेवले होते. त्या प्रकारच्या मागणीत दळणवळणाची साधनं बसतात. गावातला गच्चीवरचा संच आणि हातसंचांच्या बॅटऱ्या ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, पण त्यासाठी ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं हवं. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधीही चालतो; कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये आपत्ती व्यवस्थापन आहे. लक्षात ठेवा, सीएसआरचं कलम १३५ कंपन्यांना लागू आहे. सहकारी साखर कारखाना सहकार कायद्याखाली येतो, त्याच्याकडे सीएसआरचं पत्र पाठवून उपयोग नाही. संचालक मंडळाकडे वेगळी विनंती करावी लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० खाली आणीबाणीत निविदेशिवाय खरेदी करता येते, पण पुरात विकत घेतलेला रिपीटर त्या पुरात डोंगरावर चढत नाही.

प्रस्तावाची वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरमध्ये मोजमापं घ्या, नोव्हेंबरमध्ये अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, म्हणजे पुढच्या वर्षाच्या जिल्हा आराखड्यात ते जातं. मार्चअखेरीला घाईनं मिळालेल्या पैशांतून आलेलं सामान जूनच्या पावसात बसवलं जातं, आणि ओल्या हातांनी गुंडाळलेली टेप कधीच चिकटत नाही.

अंदाजपत्रकात परवान्याचं शुल्क हमखास राहून जातं. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून वारंवारता मिळते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, आणि वार्षिक रॉयल्टी थकली की नूतनीकरण अडतं. ती रक्कम पाचही वर्षांसाठी लिहा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी परवान्याशिवाय घेऊ नका. विनापरवाना मुभा फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या संचांना आहे, आणि ते एका निवारा केंद्राच्या आवारापुरतेच पुरतात. गावातल्या तरुणांना हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या परीक्षेला जरूर बसवा, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. पण त्यांचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा ही राखीव वाट आहे, तहसीलच्या रोजच्या निरोपांसाठी तो वापरता येत नाही. म्हणून प्रस्तावात हॅम केंद्र दाखवून सरकारी रिपीटरची रक्कम कमी करू देऊ नका.